चौकीची पायरी

तात्या,

तुमच्या दहाव्याला त्यांनी माझ्या हातात माईक दिला आणि मला बोलता आलं नाही.

ओढ्याच्या कडेला मंडप घातला होता. विधी उरकले, कावळा शिवला आणि भाषणं सुरू झाली. आपल्याकडं माणूस गेला की भाषणं होतातच. माजी नगराध्यक्ष बोलले, पतसंस्थेचे चेअरमन बोलले, शेवटी तुमचे साहेब बोलले. सगळ्यांचं सांगणं एकच होतं. तात्या म्हणजे कडक माणूस, बाजारात त्यांच्या काठीचा नुसता आवाज आला तरी भांडणारे सुतासारखे सरळ व्हायचे, असा पोलीस पुन्हा होणे नाही. माणसं माना डोलवत होती. मी बायकांच्या घोळक्यात तुमच्या घरच्या काकूंच्या मागं बसले होते. त्यांचा पदर नाकापर्यंत ओढलेला होता आणि त्याच्या आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं.

मग निवेदकानं पुकारलं, "समुपदेशन केंद्राच्या मॅडम आता दोन शब्द बोलतील."

आदल्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी माझं मनगट धरलं होतं. "मधू, त्ये नगरपंचायतीचं काय बोलू नगंस हां. त्यांनी तुला शिकवलं, त्यांनीच बोलायला लावलं, ह्ये काय बी भाईर येऊ देऊ नगं. थोरला आत्ताच खात्यात लागलाय. उद्या त्याला म्हनतील, तुजा बा आमच्याच मुळावर उठला हुता." मी हो म्हणाले होते. तेव्हा माईक हातात घेऊन एवढंच म्हणाले, की तात्या मला वडिलांसारखे होते. आणि खाली बसले. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. माझ्या वडिलांशी मी आयुष्यात इतकी भांडले नाही.

आम्हा बौद्धांत दहावा नसतो, पुण्यानुमोदन असतं. पण माईक तिथंही असतो. जे माईकवर बोलता आलं नाही ते आता इथं लिहिते आहे, तुमचं नाव न घालता. आपल्या भागात घरटी एक तात्या आहे. कुणाला कळायचं नाही.

आपण दोघं भेटलो तेव्हा तुम्ही माझ्या दाराकडं पाठ करून उभे होता. आपलं गाव धड बारामतीचं नाही न् धड इंदापूरचं नाही. मधल्या रस्त्यावर उसाच्या आधारानं वाढलेलं, नुकतीच नगरपंचायत झालेलं. चौकी जुनीच. घरगुती भांडणांसाठी समुपदेशक नेमायची असं वरून ठरलं आणि मी कोऱ्हाळ्याहून रोज एसटीनं यायला लागले. मला दिलेली खोली चौकीच्या मागच्या अंगाला होती. जप्त केलेल्या मोटारसायकलींमधून वाट काढत यावं लागायचं. मी आत बसायची. तुम्ही दाराबाहेर. आत नवरा-बायको.

काही आठवडे गेल्यावर मी तुम्हाला म्हणाले, "हवालदार, बरंय तुम्ही उभे असता ते. त्यामुळं नवरे नीट बसतात."

"आन् बायका?" तुम्ही विचारलंत.

"बायकांचं काय?"

"त्या बोलत्यात का?"

"बोलतील हळूहळू."

"मी हितं हुबा हाय तवर न्हाय बोलायच्या," तुम्ही म्हणालात आणि तंबाखू मळायला लागलात. मला राग आला. हा मनुष्य मला माझं काम शिकवतोय असं वाटलं. आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते मिटलं असं मला आजही म्हणता येत नाही.

तुमचं म्हणणं असं, की हे काम चौकीतनं बाहेर काढा. माझं म्हणणं असं, की वर्दीचा धाक मागं नसेल तर कोण ऐकणार माझं? तुम्ही मला भित्री म्हणायचात. एकदा मी तुम्हाला माझ्या आजोळची गोष्ट सांगितली. मी लहान असताना तिथं एका लग्नाच्या वरातीवरनं भांडण झालं आणि गावानं आमची वस्ती घेरली. आजीनं आम्हा पोरांना धान्याच्या कणगीमागं बसवलं होतं. पोलिसांची जीप आली म्हणून आजीचं घर राहिलं. मी म्हणाले, "तात्या, आमच्या माणसांना कायदा आणि वर्दी याशिवाय कोण आहे? जीप येते याची आम्हाला भीती नाही वाटत. जीप येत नाही याची वाटते."

तुम्ही म्हणालात, "आमच्या आज्याचं उलटं. त्यो मेंढरं घिऊन फिरायचा. लांबून जीप दिसली की कळप वळवून डगरीखाली घालायचा आन् आपुन बी तितंच दबून बसायचा. गुन्हा काय केला न्हाय, तरी. त्याच आज्याचा नातू म्या पोलीस झालो. पयल्यांदा वर्दीत घरी गेलो तर म्हातारा उठून हुबा ऱ्हायला."

"अभिमानानं?"

"भ्यालं गं," तुम्ही म्हणालात.

मला वाटतं त्या दिवसापासून तुम्ही मला मॅडम म्हणायचं सोडून पोरी म्हणायला लागलात.

बाळूचं प्रकरण झालं ते ऊस वाहतुकीच्या ऐन हंगामात. बाळू ट्रॅक्टर चालवायचा. त्याचा मदतनीस ट्रॉलीखाली गेला तेव्हापासून त्याचं डोकं फिरलं होतं. हंगाम सुरू झाला, की तो साखर कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॉल्यांपुढं आडवा उभा राहायचा. पुढं जाऊ नका, खाली माणूस आहे, म्हणायचा. मागं रांग लागायची, कुणीतरी चौकीला फोन करायचं, चौकीची जीप जायची, दोघं-तिघं मिळून त्याला धरायचे, हात बांधायचे आणि पुण्याच्या मनोरुग्णालयात पोचवायचे. काही महिन्यांनी तो परत यायचा. परत हंगाम यायचा.

त्या खेपेला तुम्ही साहेबांना विचारून मला बरोबर नेलंत. म्हणालात, बघ तरी. मी जीपमधनं उतरले, बाळूपासून थोडं अंतर ठेवून रस्त्यावरच बसले आणि त्याला विचारलं, खाली कोण आहे. त्यानं नाव सांगितलं. मला वाटलं, जमतंय. तेवढ्यात त्यानं माझ्या मागं बघितलं, धोंडा उचलला आणि माझ्या कपाळावर आदळला. मग पूर्वीसारखंच झालं. त्याला धरलं, बांधलं.

दवाखान्यात टाके पडल्यावर मी तुम्हाला म्हणाले, "बघितलंत? तुम्ही नसता तर मी मेले असते. सांगत होते ना मी, पोलीस लागतोच."

तुम्ही माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिलीत. "पोरी, त्यो धोंडा तुला न्हवता मारला. मला मारला हुता. मी तुज्या मागं येऊन हुबा ऱ्हायलो आन् तू मधी आलीस."

एकच धोंडा. मी म्हणायचे तो तुमच्यासाठी पुरावा नाही, माझ्यासाठी आहे. तुम्ही म्हणायचात उलट. कपाळावरची खूण आरशात दिसते तेव्हा अजून तोच वाद माझ्या डोक्यात सुरू होतो, आणि आता दोन्ही बाजूंनी मलाच बोलावं लागतं.

बाळूला पोचवून आल्यावर तुम्ही पहिल्यांदा ते सगळं सविस्तर मांडलंत. पोलिसांचा पगार सरकार देतं, त्याला कुणी हात लावायचा नाही. पण कॅमेरे, चौकीचा रंग, बॅरिकेडं, जीपचं डिझेल यासाठी गाव, म्हणजे नगरपंचायत, दरवर्षी आपल्या खिशातनं पैसे बाजूला काढतं. त्यातला वाटा काढायचा. त्यातनं एक सिस्टर ठेवायची, एक गाडी ठेवायची, समुपदेशनाला चौकीबाहेर जागा द्यायची. डोकं फिरलेला माणूस, वाट चुकलेली म्हातारी, दारूपायी झालेलं भांडण, अशा वेळी आधी ती गाडी जाईल. पोलीस नंतर, लागला तर.

"दुखनं कसलंबी असू दे," तुम्ही म्हणालात, "आमच्या दवाखान्यात औषध एकच. कोठडी. मग ह्ये पेशंट आमच्याकडं धाडायचंच कशाला?"

"मग मांडा ना सभेत."

"मला तोंड उघडायची मुभा हाय व्हय? नोकरी हाय माजी. तू मांड."

"मला तुमचं पूर्ण पटलेलं नाही."

"मग न पटता मांड," तुम्ही म्हणालात. "पटायचं मागनं बघू."

मी का तयार झाले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. काही बाळूमुळं. काही, त्या खोलीत माझ्यासमोर गप्प बसून गेलेल्या बायकांमुळं. एका नगरसेविकेनं विषय घेतला आणि मला सभेत बोलवून घेतलं. मी बोलत होते आणि तुम्ही सभागृहाच्या दाराशी बंदोबस्ताला उभे होता. माझी नजर तुमच्याकडं जात होती, तुमची समोरच्या भिंतीवर.

एक सदस्य म्हणाले, "मॅडम, कॅमेऱ्यानं चोर सापडतो. समुपदेशनानं काय सापडतं?"

सभा हसली. मी तुम्ही शिकवलेलं उत्तर दिलं, "चोर वर्षातनं एखादा येतो. पिऊन मारणारा नवरा रोज घरातच असतो, तो सापडलेलाच आहे. त्याला कॅमेऱ्यात काय बघायचं?" बायका सदस्य हसल्या नाहीत. एकमेकींकडं बघू लागल्या. मला तेव्हा कळलं, की विषय मार्गी लागणार.

आणि त्याच सदस्यांनी वळून तुम्हाला विचारलं, "काय हवालदार, खात्यातले जुने माणूस तुम्ही. तुम्हाला पटतंय का हे?"

पहिल्या रांगेत तुमचे साहेब बसले होते. तुम्ही टाचा जुळवल्यात. "आमी काय बोलनार. सायेब सांगतील तसं."

ठराव झाला. एका वर्षापुरता, प्रायोगिक. पण मी पायऱ्या उतरले ती तुमच्याकडं न बघता. माझ्या तोंडात तुमचे शब्द होते आणि तुमच्या तोंडात साहेबांचे. तुम्ही घरच्या मक्याची कणसं पाठवलीत ती मी नव्यानं नेमलेल्या सिस्टरला देऊन टाकली. पुढं तुम्ही स्वतः आलात तेव्हा मी विचारलं, गप्प राहता आलं नसतं का?

"गप ऱ्हायलो आसतो तर त्यो नकार धरला आसता. सायेब सांगतील म्हनलं की कुनीच काय धरत न्हाय. म्हनून तसं बोललो," तुम्ही म्हणालात. तुमचा हिशेब चुकला, तात्या. त्यांनी धरलं. पण ते पुढं येतं.

केंद्राला जागा मिळाली ती जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या दोन खोल्यांत. अंगणात गाई-बैल अडकवायचा लोखंडी खोडा तसाच होता. तो काढायला माणूस मिळाला नाही, मग बायका त्यावर ओल्या छत्र्या न् पिशव्या अडकवू लागल्या. आणि बायका यायला लागल्या, हे मला मान्य करावंच लागेल. बाजाराची भाजी घेऊन यायच्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, बीपी मोजायला चाललेय. बाळूची बायको गोळ्या न्यायला यायची. एकदा बसली आणि म्हणाली, "हितं बरं वाटतं. हितं कुनी इचारत न्हाय, तू काय केलंस म्हनून." पुढच्या हंगामात बाळू पुन्हा रस्त्यावर उभा राहिला. सिस्टर आणि ती दोघी गेल्या. दुपार गेली, ट्रॉल्यांची रांग लागली, ड्रायव्हरांनी शिव्या दिल्या, पण संध्याकाळच्या आत तो आपल्या पायांनी घरी गेला. त्याला कुणी बांधलं नाही.

मी तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "धोंडा?"

"नाही मारला."

तुम्ही हसलात. मी तेवढ्यापुरती हरले.

मग ती बाजाराची दुपार आली. केळीची बाग राखणारा एक माणूस कोयता घेऊन केंद्राच्या अंगणात आला. त्याची बायको आत होती. सिस्टरनं दार लावून कडी घातली. त्यानं खिडकीची काच फोडली, मग दारावर कोयत्याचा मागचा भाग आपटत राहिला. आम्ही तिघी कपाटाला पाठ लावून उभ्या होतो. मी चौकीला फोन लावला. पलीकडचा आवाज शांत होता. "मॅडम, तुमचं आता स्वतंत्र हाय न्हवं? जीप बंदोबस्ताला गेलीया. बघतो." फोन बंद झाला. माझी आजी कणगीमागं बसून कशाची वाट बघत होती ते मला तेव्हा कळलं. ज्या जीपचे पैसे काढून घ्या म्हणून मी भाषण केलं होतं, तिच्या आवाजाकडं माझे कान लागले होते.

मग मी तुम्हाला फोन केला. तुमची साप्ताहिक सुट्टी होती. तुम्ही लेंग्यावर आलात, स्वतःच्या मोटारसायकलवर, हाताला शेणाचे डाग. फुटक्या काचेतनं मी बघत होते. तुम्ही त्याच्या हातातला कोयता घेतला नाहीत. पायरीवर बसलात आणि म्हणालात, "बस."

तो बसला नाही. तुम्ही म्हणालात, "दार फोडशील. मग?"

"मारनार तिला."

"मग?"

"मग काय?"

"त्येच इचारतोय. मग काय?"

बऱ्याच वेळानं तो तुमच्या शेजारी बसला. त्यानंतर तुम्ही आवाज इतका खाली आणलात, की आत काही ऐकू येईना. तुमची फक्त पाठ दिसत होती. तो रडत होता. मग त्यानं कोयता स्वतःच तुमच्याकडं सरकवला.

नंतर मी विचारलं, काय बोललात त्याच्याशी? तुम्ही म्हणालात, "आमचं आमी." मी म्हणाले, "आज कळलं ना, पोलीस लागतो ते?"

"मी पोलीस म्हनून न्हाय आलो."

"मग कोण म्हणून आलात? त्यानं तर तुम्हाला पोलीस म्हणूनच ओळखलं."

तुम्ही मोटारसायकलला किक मारायचं थांबलात. "व्हय. त्ये खरं हाय," म्हणालात. तुमचा चेहरा असा झाला, की मला जिंकल्याचं सुख मिळालं नाही.

तुम्ही त्या दिवशी आलात त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागली. सुट्टीच्या दिवशी, वर्दीशिवाय, कुणाच्या परवानगीनं तिथं गेलात, असं विचारलं गेलं. मग तुम्हाला कॅमेऱ्यांच्या खोलीत बसवलं. खिडकी नाही, एक पंखा, समोर पडदे. निवृत्तीपर्यंत तिथंच. मी भेटायला आले तेव्हा तुम्ही खुर्ची माझ्याकडं सरकवलीत आणि पडद्यांवरची नजर न काढता म्हणालात, "पोरी, दिसभर समदं गाव बघतो. पर कुनाला हाक मारता येत न्हाय." मग म्हणालात, निवृत्त झालो की स्वतः सभेत उभा राहणार, सगळं सांगणार. सगळं, असं दोनदा म्हणालात. मला वाटलं, सगळं म्हणजे ठरावाचं.

तेवढा वेळ तुम्हाला मिळाला नाही. सकाळी गोठ्याशी बादली घेऊन गेलात आणि तिथंच बसलात. काकूंना वाटलं, दमलाय म्हणून बसलाय माणूस.

दहाव्यानंतर आठवडाही गेला नसेल, नगरपंचायतीत केंद्राचा विषय आला. वर्ष संपलं होतं. कोयत्याचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक होतं. पुढं आलेली तोड अशी, की चौकीची नवी इमारत होतेय, केंद्र तिथं वरच्या मजल्यावर हलवायचं. वेगळा खर्च नाही, संरक्षणही मिळेल. वाचलेले पैसे कॅमेऱ्यांना. कॅमेऱ्याचं बोललेले तेच सदस्य म्हणाले, "मागच्या वेळी आपले दिवंगत तात्या इथंच होते. त्यांना थेट विचारलं तरी त्यांनी पाठिंबा दिला नव्हता. अनुभवी माणसाचं मत आपण तेव्हाच ऐकायला हवं होतं." अंतिम निर्णय पुढच्या सभेत घ्यायचं ठरलं.

मी तिथून थेट काकूंकडं गेले. म्हणाले, काकू, मला वचनातनं सोडवा. त्यांचंच नाव घेऊन त्यांनी उभं केलेलं मोडायला निघालेत. मला एकदा सांगू द्या, की हे सगळं तात्यांचं होतं.

काकू पाट्यावर चटणी वाटत होत्या. हात थांबला नाही. "सांगशील. मग इचारतील, पोलिसाला ह्ये कशाला सुचलं. काय सांगशील?"

"त्यांना बायकांचं कळायचं."

"कसं कळायचं?"

काकूंनी वरवंटा बाजूला ठेवला आणि हात धुतले.

"थोरला पोटात हुता तवाची गोष्ट," त्या म्हणाल्या. "ह्यांची नेमनूक दुसऱ्या गावाला हुती. लई मारायचं मला. एक दिस सोसलं न्हाय म्हनून चौकीत गेले. दुसरं कुठं जानार? तितं समदं ह्यांचंच दोस्त. मला वैनी म्हनून हाक मारली, खुर्ची दिली आन् ह्यांना बोलवून घेतलं. म्हनले, घिऊन जा वैनींना. सरकारी जीपमधनं घरी आले मी, ह्यांच्याच शेजारी बसून. पुढं ह्यांनी हात उगारला न्हाय कवाच. पर त्यावर बोललं बी न्हाय. माफी न्हाय, काय न्हाय. मी बी काढलं न्हाय. समदा जल्म दोघं त्येच गिळून एका घरात ऱ्हायलो."

तात्या, मी तुमच्या घरात, तुमच्याच खाटेवर बसले होते. भिंतीवर वर्दीतला तुमचा फोटो, त्याला हार. मला उठून जावंसं वाटलं. बायका का बोलत नाहीत हे तुम्हाला कुठून कळलं होतं, ते मला कळलं. कोयत्यावाल्याशी तुम्ही इतक्या हळू आवाजात काय बोलला असाल, तेही बहुतेक कळलं. सगळं सांगणार म्हणजे काय सांगणार होता, ते मात्र मी कधी विचारू शकणार नाही. आणि समजा सांगितलं असतंत, तर सभेत सांगण्याआधी काकूंना सांगितलं असतंत का? हा माझा तुमच्यावरचा मोठा राग आहे. साऱ्या गावातल्या बायकांसाठी तुम्ही चौकीबाहेर जागा मागितलीत. घरातल्या बाईला एक शब्द दिला नाहीत.

मी काकूंना विचारलं, हे लिहिलं तर चालेल का. म्हणाल्या, "एवढं लिही. नाव घालू नगं."

सभेत मी तुमचं नाव घेतलं नाही. या वेळी मी माझं बोलले. म्हणाले, केंद्र चौकीबाहेर ठेवा, आणि आम्ही फोन केला की चौकीनं यायचं असंही ठरवून द्या. दोन्ही लागतं. ज्या बाईला चौकी चढवत नाही तिला बाहेर दार लागतं, आणि त्या दाराच्या बाहेर कोयता आला तर जीपही लागते. मला वाटतं, आपल्या दोघांच्या भांडणातनं निघालेलं हे पहिलं वाक्य, जे आपण दोघांनीही मान्य केलं असतं. सदस्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, मॅडम, दोन्ही कसं परवडेल? ठराव झाला. केंद्र वरच्या मजल्यावर.

आता मी तिथं बसते. फरशी नवी आहे, पंखा नवा आहे. जिना चौकीच्या आतनं येतो. खाली टेबलाशी ठाणे अंमलदार असतो, तो विचारतो, काय काम आहे. सिस्टरचं पद राहिलं नाही. बाळूची बायको गोळ्यांसाठी बारामतीला जाते म्हणे, एक दिवसाचा रोज बुडवून. माझ्याकडं जे येतात त्यांना पोलीसच घेऊन येतात. नवरे नीट बसतात. बायका खाली बघतात. बाकी वेळ मी खिडकीशी असते. इथं निदान खिडकी आहे.

परवा खिडकीतनं काकू दिसल्या. पदर डोक्यावर घेऊन चौकीसमोर उभ्या होत्या. दारातल्या शिपायानं ओळखलं, पुढं येऊन म्हणाला, "या की काकू, आपलीच चौकी हाय." पोरगा चांगला आहे, मनापासून म्हणत होता. काकूंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तिथंच थांबल्या. त्यांनी वर बघून मला हाक मारली, "मधू, तूच खाली ये गं."

मी खोलीला कुलूप लावलं. अंमलदारानं विचारलं, "मॅडम, डूटी सोडून कुठं?" मी म्हणाले, ड्युटीलाच चालले.

रस्त्यापलीकडं खताच्या दुकानाचा ओटा आहे. तिथं आम्ही दोघी बसलो. ट्रॉल्या जात होत्या, धूळ उडत होती. काकूंनी पदर खाली घेतला आणि बोलायला सुरुवात केली. ती संध्याकाळपर्यंत. आज पुन्हा येणार आहेत, उद्याही येतील. अंमलदारानं वर कळवलंय, की मॅडम जागेवर नसतात. मला विचारणा होईल.

त्या काय बोलतात ते मात्र मी तुम्हाला सांगणार नाही, तात्या. आपल्या कामाचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. बाई जे बोलते ते तिच्या नवऱ्यापर्यंत जाऊ द्यायचं नसतं.

तुमची,
मधू